प्लेट बुडवायची आहे? आधी तिची ताकद बघ
समुद्रतळाची प्लेट (पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा प्रचंड तुकडा) खालच्या प्रावरणात कशी बुडू लागते याचं संगणकावरचं मॉडेल चालवण्याआधी खडकाची ताकद किती धरतोयस ते तपास, बाकीचं नंतर. समुद्रतळाची प्लेट थंड होत जड होते, म्हणून आपोआप बुडेल असं नवख्यांना वाटतं. पण तीच थंडी तिला कणखरही करते! प्रयोगशाळेतून निघणारी ताकद शेकडो मेगापास्कल (ताण मोजायचं एकक). प्रावरणातल्या अभिसरणाचा, म्हणजे उष्णतेमुळे खडक संथपणे वर-खाली फिरण्याचा, ताण सहसा त्याहून बराच कमी. ते आकडे तसेच घातलेस तर वरचं कवच अख्खं राहील आणि प्रवाह खालीच फिरत बसतील. ताकद सरसकट उतरवलीस तर प्लेटच उरणार नाही (हा मोह सगळ्यांनाच होतो). त्यापेक्षा एखादा कमकुवत पट्टा ठेव: जुना भ्रंश, किंवा पाणी मुरून सर्पेंटाइन (एक मऊ खनिज) झालेला खडक. पश्चिम पॅसिफिकमधल्या इझू-बोनिन-मारियाना पट्ट्यात प्लेट बुडायला लागली ती सुरुवात, सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीची, यासाठी जरूर वाच.