वॉरंटीतला लॅपटॉप पुन्हा पुन्हा बिघडतोय

प्रश्न : लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी नवी पेठेतून लॅपटॉप घेतला. महिन्याभरातच स्क्रीनवर उभ्या रेषा येऊ लागल्या. सर्व्हिस सेंटरवाले दुरुस्त करून देतात, आठवड्यात पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो, "आमचा काही संबंध नाही, कंपनीशी बोला." काय करू?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमचा राग अगदी रास्त आहे. रेषा दिसत असतानाच मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात लॅपटॉपचा सिरीयल नंबरही येऊ द्या. येणारा-जाणारा दोष नेमका सेंटरवर दिसत नाही आणि मशीन तसंच परत मिळतं. घरी एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर दोष बहुधा स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. तिथेही रेषा असतील तर ग्राफिक्स चिपचा (चित्र तयार करणाऱ्या भागाचा) संशय घ्या. लेकीच्या फाइल्स आधी पेनड्राइव्हवर काढा, सेंटरवाले बिनधास्त फॉरमॅट मारतात.

दर वेळी सेंटरकडून जॉबशीट (दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) मागाच, त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. तोंडी बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही. मग कंपनी आणि दुकानदार दोघांनाही ईमेल करून बदली मशीन किंवा पैसे मागा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली विक्रेत्यालाही जाब विचारता येतो.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानंतर सोलापूरचाच जिल्हा ग्राहक आयोग : 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार दाखल करायची मुदत 2 वर्षं.