डंक मारायचाय, पण रिंग वाकतेय

गेल्या अंकात मी बास्केटबॉलमधला ले-अप, म्हणजे धावत येऊन बॉल हलकेच रिंगमध्ये टाकणं, कसा शिकवावा ते लिहिलं. पत्रं आली ती मात्र बहुतेक डंकची, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये घालण्याची! ले-अपलाही दोनच गुण आणि डंकलाही दोनच. पण ले-अप बघायला कोणी कंपाउंडवर चढून बसत नाही, हे मला मान्य आहे.

प्रश्न : बाई, मी खानापूरचा, पीयूसीला (अकरावी-बारावीला) आहे. उंची पाच फूट नऊ इंच. आधी कबड्डीत रेडर होतो, आता बास्केटबॉल खेळतो. मला डंक जमेल का? मित्र हसतात.

हसू देत. तू आधी भिंतीपाशी जा. बोटाला खडू लाव, टाचा न उचलता हात वर ताण आणि खूण कर. तुझ्या उंचीच्या मुलाची खूण साधारण साडेसात फुटांवर येते. रिंग दहा फुटांवर आहे, म्हणजे ती नुसती शिवायलाच अडीच फूट उडी हवी. डंकमध्ये बॉल वरून आत घालायचा असतो, त्यामुळे हात रिंगच्या अर्धा फूट तरी वर जायला पाहिजे. झाली तीन फूट. एवढी उडी अवघड आहे, अशक्य नाही. 1986 साली डलासला एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची, डंक स्पर्धा जिंकली ती स्पड वेबनं, आणि तो तुझ्याहून दोनेक इंच बुटका होता.

तीन फूट उडी मारलीस तर तू हवेत किती वेळ असशील? सेकंदभरसुद्धा नाही, 0.86 सेकंद. त्यातला निम्मा वेळ जातो तो सगळ्यात वरच्या नऊ इंचांत, कारण तिथं वर जाण्याचा वेग संपत आलेला असतो आणि खाली येण्याचा अजून धरलेला नसतो. टीव्हीवर खेळाडू अधांतरी थांबल्यासारखा दिसतो तो याच्यामुळं. जादू वगैरे काही नाही.

आता कामाचं. तू रेडर होतास, मांड्यांत ताकद असणारच. तुमच्याकडं तालीम असेल तर बैठका चालू ठेव. धावत येताना शेवटून दुसरं पाऊल लांब आणि जरा खाली बसून टाक, शेवटचं आखूड आणि झटक्यात. उजव्या हातानं मारणार असशील तर उडी डाव्या पायावरून. आधी टेनिस बॉल रिंगमधून घाल, मग पाच नंबरचा लहान बॉल, मग सात नंबरचा मोठा. बहुतेक पोरांची उडी पुरते, पण सात नंबरचा बॉल एका हातात मावत नाही आणि ऐन वेळी निसटतो.

आणि उतरायला शीक, हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय. आपल्याकडची कोर्ट सिमेंटची. रिंगला हात अडकला की पाय पुढं जातात आणि माणूस पाठीवर पडतो. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायचं. आणि हा सराव आधी तालमीच्या तांबड्या मातीत करायचा. उंची वाढवायच्या पावडरीबद्दलही विचारलं आहेस. ते पैसे बुटाला घाल.

प्रश्न : आमच्या वेळी कॉलेजात डंक मारला की फाऊल देत. आता सर्रास मारतात. नियम कधी बदलला? — एक निवृत्त वाचक, निपाणी

तुमच्या पंचांनी कुठला नियम लावला ते मी कसं सांगू! पण अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये 1967 ते 1976 डंकवर खरोखरच बंदी होती. कारणं बरीच सांगितली गेली, रिंग मोडतात, पोरं जखमी होतात. लोकांनी मात्र त्या नियमाला नाव दिलं ते एका खेळाडूचं. यूसीएलए विद्यापीठाचा लू अल्सिंडॉर, सात फुटांवरचा गडी. 1967 ची कॉलेज स्पर्धा त्याच्या संघानं जिंकली आणि लगेच बंदी आली.

मग त्यानं काय केलं? डंक नाही तर नाही म्हणून हुक शॉट घोटला. बाजूला वळून, हात पूर्ण ताणून, रिंगच्याही वरून बॉल सोडायचा. अडवणाऱ्याचा हात तिथं पोचायचाच नाही. 1968 आणि 1969 सुद्धा यूसीएलएनंच जिंकलं. पुढं तो करीम अब्दुल-जब्बार झाला आणि त्याच हुक शॉटच्या, म्हणजे ‘स्कायहुक’च्या, जोरावर एनबीएमध्ये 38,387 गुण करून बसला. तो विक्रम 2023 पर्यंत कोणाला मोडता आला नाही. ज्याला आवरायला बंदी घातली असं म्हणतात, त्याच्याच पदरात तिनं हे टाकलं!

बंदी उठायच्या काही महिने आधी, जानेवारी 1976 मध्ये, डेन्व्हरला एबीए या दुसऱ्या लीगनं सामन्याच्या मध्यंतरात डंकची स्पर्धा घेतली. ज्युलियस अर्व्हिंग फ्री-थ्रोच्या, म्हणजे फाऊलनंतर बॉल टाकायच्या, रेषेपासून उडाला. ही रेषा बोर्डापासून 15 फुटांवर असते, कधी पावलं टाकून बघा.

प्रश्न : माझं बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं काम आहे. एका शाळेला बास्केटबॉलची रिंग करून दिली. पोरं लोंबकळली आणि रिंग पुढं वाकली. जाड सळी घालून उपयोग होईल का?

सळी जाड केलीत तर रिंग वाकणार नाही, बोर्ड फुटेल. हे अमेरिकेत होऊन गेलंय. 13 नोव्हेंबर 1979 ला कॅन्सस सिटीत फिलाडेल्फियाच्या डॅरिल डॉकिन्सनं असा डंक मारला की काचेच्या बोर्डाचा चुरा झाला. महिना उलटायच्या आत त्यानं आपल्या संघाच्या घरच्या कोर्टावर दुसरा फोडला.

यावरचा तोडगा एका धान्य कोठाराच्या व्यवस्थापकाच्या डोक्यातून निघाला. इलिनॉयचे आर्थर एहराट. त्यांचा भाचा कॉलेज संघाचा प्रशिक्षक, त्यानं मामाकडं गाऱ्हाणं मांडलं. एहराटनी जॉन डिअरच्या कल्टिव्हेटरची स्प्रिंग घेतली आणि रिंगच्या मागं बसवली. आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. स्प्रिंगच्या कल्टिव्हेटरचा फाळ दगडाला अडकला की मागं सरतो आणि दगड सुटला की जागेवर येतो. रिंगचंही तेच. ठरावीक वजनापर्यंत ती ताठ राहते, त्याहून जास्त भार आला की बिजागरीवर खाली झुकते, आणि हात सुटला की सपाट होते. एहराटना पेटंट 1982 मध्ये मिळालं. एनबीएनं असल्या रिंग त्याच सुमाराला लावल्या.

तेव्हा तुम्ही तीन गोष्टी बघा. सळी 16 ते 20 मिलीमीटरची हवी, आतला व्यास 45 सेंटीमीटर. दुसरं म्हणजे रिंग बोर्डाला कसू नका, मागच्या सांगाड्याला कसा. रिंगवरचा जोर बोर्डावर जाता कामा नये असं आंतरराष्ट्रीय नियमातच आहे, आणि आपल्याकडं नेमकं हेच चुकवतात. तिसरं, खांब. 1993 मध्ये शकील ओनीलच्या डंकनं आख्खा स्टँड खाली बसला होता. बुडाला पुरेसं वजन द्या आणि खांबाला गादी बांधा. स्प्रिंगचं काम तुमच्या उद्यमबागेला काय अवघड? वजन टांगून चाचणी घ्या, मगच शाळेत लावा. आणि बिल जरा चढं लावा. शाळेनं स्वस्तातली मागितली म्हणूनच ती वाकली असणार.

प्रश्न : मी चिकोडीची, दहावीत आहे. दादा म्हणतो, मुलींना डंक जमत नाही. खरं का?

खोटं. 21 डिसेंबर 1984 ला वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जॉर्जियन वेल्सनं कॉलेजच्या सामन्यात डंक मारला. अमेरिकेतल्या महिला कॉलेज सामन्यांतला तो पहिला. चित्रण होतं ते फक्त हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाकडं, आणि त्यानं ते कोणाला दाखवलं नाही. ती फीत बाहेर आली 2009 साली. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमधला पहिला डंक 2002 चा, लिसा लेस्लीचा. वेल्स सहा फूट सात इंच होती, लेस्ली सहा फूट पाच, तेव्हा उंचीचा फायदा होताच, हे लपवत नाही. पण दादाची उडी किती, ते एकदा खडूनं मोजून घे आणि मला कळव.