‘आमचा डिस्ट्रिक्ट यादीत घसरला, आता घर बदलायचं का?’

न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून हा प्रश्न साधारण फेब्रुवारी-मार्चपासून येऊ लागतो, म्हणजे उन्हाळ्यातल्या घरखरेदीची बोलणी सुरू होतात तेव्हा. डिस्ट्रिक्ट म्हणजे गावच्या सरकारी शाळा चालवणारा विभाग, आणि मूल कुठल्या शाळेत जाणार ते घराच्या पत्त्यावरून ठरतं. पुढची हकीकत सल्ल्यासाठी आलेल्या अशाच एका कुटुंबाची, ओळख पुसून, तपशील बदलून दिली आहे.

आई-बाबा दोघं नोकरीत, मुलगा सहावीत. २०२१ साली मिडलसेक्स काउंटीत टाउनहाउस घेतलं, तेही शाळा बघूनच. मग एका खासगी संस्थळाच्या राज्यभरच्या यादीत त्यांचा डिस्ट्रिक्ट बराच खाली सरकला आणि ओळखीच्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट फिरला. बाबांचं म्हणणं, “आत्ता हललो नाही तर हायस्कूल हातचं जाईल.” आईला घर सोडायचं नव्हतं, पण उद्या मुलाचं काही कमी पडलं तर आपल्यामुळे झालं असं होईल, ही धास्ती. मुलाने पहिल्या भेटीत एकच विचारलं: “माझी शाळा वाईट आहे ना?” असं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्यातून त्याने ते स्वतःच काढलं होतं.

आधी त्या क्रमांकाचा उलगडा केला. न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. काही फक्त आठवीपर्यंतचे, काही फक्त हायस्कूलचे, काही इतके लहान की पाच-सहा मुलं इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी हलते. हे सगळे एका रांगेत उभे केले की वरच्या भागात प्रचंड दाटी होते. तिथे एक-दीड टक्क्याच्या फरकाने डिस्ट्रिक्ट बऱ्याच पायऱ्या खाली जातो आणि शाळेत प्रत्यक्ष काहीही बदललेलं नसतं. शिवाय संस्थळाने निकषांचं वजन बदललं, तरी क्रमांक बदलतो. हायस्कूलच्या यादीत वर दिसतात त्यांतल्या अनेक काउंटीच्या मॅग्नेट शाळा: हॅकेनसॅकची बर्गन काउंटी अकॅडमीज, लिनक्रॉफ्टचं हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल. तिथे अर्ज करून, निवड होऊन मुलं जातात. सरसकट सगळ्या मुलांना घेणाऱ्या गावच्या शाळेची त्यांच्याशी तुलना लावणं चूक आहे. उलट तुमच्या गावातली चार हुशार मुलं तिकडे गेली, तर गावच्या शाळेचे आकडे तेवढे खालीच येतात.

मग बाबांना राज्याच्या शिक्षण खात्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडायला सांगितला. तो दर वर्षी निघतो आणि फुकट बघता येतो. बघायचा तो डिस्ट्रिक्टचा नव्हे, आपल्या शाळेचा, आणि सारांश सोडून सविस्तर. एका वर्षाचा आकडा धरू नये, तीन वर्षं शेजारी ठेवावीत. २०२० आणि २०२१ च्या वसंतात राज्याच्या परीक्षा झाल्याच नाहीत, त्यामुळे २०१९ नंतर थेट २०२२ येतं. ही फट कुणी रेघ मारून जोडली असेल तर तो आलेख बाजूला ठेवावा.

एनजेएसएलए या राज्याच्या परीक्षेत पाच पातळ्या असतात. गुणांची पट्टी ६५० ते ८५०, आणि ७५० किंवा त्याच्या पुढे म्हणजे अपेक्षा पूर्ण. बाबांना सगळ्यात जास्त खटकला होता तो आठवीच्या गणिताचा निकाल: फारच थोडी मुलं ७५० च्या पुढे. हे कोडं जवळपास प्रत्येक पालकाला पडतं. आठवीत जी मुलं अल्जिब्रा वन (बीजगणिताचा पहिला कोर्स) घेतात, ती आठवीच्या गणिताची परीक्षा देतच नाहीत, अल्जिब्राची देतात. म्हणजे गणितात पुढे असलेली मुलं त्या रकान्यातून आधीच बाहेर पडलेली असतात आणि उरलेल्यांचा निकाल छापला जातो. जितकी जास्त मुलं अल्जिब्राला, तितका हा आकडा वाईट दिसू शकतो! त्याच शाळेच्या अल्जिब्राच्या ओळीत बघितलं, तेव्हा बाबांचा चेहरा सैलावला.

त्याहून मोलाचा भाग म्हणजे स्टुडंट ग्रोथ. एखाद्या मुलाचा ग्रोथ पर्सेंटाइल ६० असेल, तर आधीच्या परीक्षांत त्याच्यासारखेच गुण असलेल्या राज्यभरच्या मुलांमध्ये त्याने ६० टक्के मुलांपेक्षा जास्त प्रगती केली. शाळेतल्या सगळ्यांचा मधला आकडा रिपोर्टमध्ये येतो. ३५ च्या खाली कमी, ३५ ते ६५ नेहमीची, त्यावर चांगली. मूल शाळेत काय घेऊन आलं, हे उत्तीर्णांच्या टक्केवारीत खूप मिसळलेलं असतं: घरचं उत्पन्न, आई-वडिलांचं शिक्षण, शनिवार-रविवारचे क्लास. शाळेने त्यात काय भर घातली, याच्या जास्त जवळ जाणारा आकडा ग्रोथचा. या कुटुंबाच्या शाळेची गणितातली ग्रोथ पन्नाशीच्या वर होती, आणि ज्या ‘वरच्या’ डिस्ट्रिक्टमध्ये जायचं घाटत होतं तिथल्या शाळेपेक्षा किंचित जास्तच.

तुलना करायचीच तर सारख्यांशी करावी. राज्य पूर्वी डिस्ट्रिक्टचे आर्थिक-सामाजिक गट पाडत असे, ए पासून जे पर्यंत आठ (मधल्या काहींना दोन-दोन अक्षरं). ते २००० च्या जनगणनेनंतर पुन्हा काढलेच नाहीत, तरी ‘आय’, ‘जे’ ही सधन गटांची अक्षरं जुन्या मंडळींच्या तोंडी अजून ऐकू येतात. त्यावर आज निर्णय घेऊ नये. त्याऐवजी आर्थिक दुर्बल मुलं आणि इंग्रजी शिकणारी मुलं यांचं प्रमाण आपल्याजवळ जाणारे पाच-सहा डिस्ट्रिक्ट निवडावेत आणि त्यांच्यातच बघावं.

घर बदलण्याचा हिशेब आईने मांडला. ४,००,००० डॉलरचं तीस वर्षांचं कर्ज ३ टक्क्यांनी, महिन्याचा हप्ता सुमारे १,६८६. नव्या घरासाठी ५,५०,००० चं कर्ज लागणार, दर ६.७५, हप्ता सुमारे ३,५६७. प्रॉपर्टी टॅक्स वेगळाच. म्हणजे महिन्याला १,८८० च्या वर जास्त, यादीतल्या काही पायऱ्यांसाठी. काही कुटुंबांना हे परवडतं आणि जायला खरं कारणही असतं: मुलाला लागणारी विशेष शिक्षणाची सोय, किंवा हायस्कूलमध्ये हवे ते विषयच नसणं. तसं असेल तर जरूर जावं. मात्र घराच्या जाहिरातीत लिहिलेल्या शाळेवर विसंबून राहू नये. एडिसनमध्ये दोन हायस्कूल आहेत, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोतही दोन. नेमका पत्ता देऊन डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारला विचारावं, हद्दी बदलण्याचा प्रस्ताव आहे का तेही.

आणखी एक गोष्ट बाबांच्या ध्यानात नव्हती. नव्या डिस्ट्रिक्टमध्ये गणिताचं प्लेसमेंट, म्हणजे मुलाला कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते, त्यांच्या निकषांवर पुन्हा होतं. आठवीत अल्जिब्रा, नववीत जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस, अशी ती साखळी. सहावीच्या शेवटी शाळा बदलून मूल खालच्या वर्गात बसवलं गेलं, तर उन्हाळी कोर्स करून ते वर्ष भरून काढावं लागतं. कॉलेजच्या अर्जाबरोबर हायस्कूल आपली माहितीही पाठवतं, कोणते विषय इथे मिळतात ते. मुलाने उपलब्ध असलेल्यांतलं काय घेतलं, हे प्रवेश समिती त्यावरून बघते.

वरचा क्रमांक मुलांकडून काय मागतो, तेही या घरात बोलून घेतलं. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हा देसी पालकांच्या पसंतीचा डिस्ट्रिक्ट. २०१५ साली तिथल्या सुपरिंटेंडंटनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना मोठं पत्र लिहिलं, आणि हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा बंद करण्यात आल्या. पालक त्यावरून दुभंगले, पण प्रश्न खराच होता.

मुलाशी बाबांनी स्वतः बोलायचं ठरलं. शब्द आधी नीट ठरवून दिले, कारण “तुझी शाळा तशी बरी आहे” यातला ‘तशी’ मुलांना बरोबर ऐकू येतो. बाबांनी त्याला रिपोर्ट उघडून दाखवला, ग्रोथचा आकडा समजावला आणि सांगितलं, “आम्ही अर्धवट बघून बोलत होतो. तुझी शाळा तुला पुढे नेते आहे.” जेवताना क्रमांकाचा विषय बंद, ही अट दोघांनी पाळली. मुलाने त्यानंतर बँडमधल्या ट्रम्पेटबद्दल आपणहून बोलायला सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र खरंच दुरुस्त करायची होती, आणि ती या घराच्याच हातात होती. वर्षाच्या १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहिलेलं मूल राज्याच्या हिशेबात दीर्घ गैरहजेरीत धरतात. १८० दिवसांच्या वर्षात ते १८ दिवस होतात. हे कुटुंब डिसेंबरच्या सुटीला जोडून जानेवारीत तीन आठवडे पुण्यात राहत असे, म्हणजे शाळेचे जवळपास पंधरा दिवस तिथेच गेले, वर एखादा ताप. दिवाळी राज्याच्या मान्य धार्मिक सुट्ट्यांत आहे, तो दिवस यात धरत नाहीत. पुण्याची वारी धरतात. त्या तीन आठवड्यांत गणितात एक अख्खा धडा होऊन जायचा, आणि फेब्रुवारीतली त्याची घसरण शाळेच्या खात्यावर मांडली जायची. या वर्षीची तिकिटं त्यांनी शाळा सुटल्यानंतरची, जूनच्या शेवटच्या आठवड्याची काढली आहेत.