ड्रायसूटमध्ये लघवी लागली तर काय करायचं?

बेळगावहून आइसलँडला जाताय, सिल्फ्रात, म्हणजे तिथल्या पाण्याने भरलेल्या भेगेत, ड्रायसूट (आत पाणी न येऊ देणारा डायव्हिंगचा सूट) घालून उतरणार आणि लघवीचं काय, असं विचारताय. नेत्राणी बेटाजवळ वेटसूटमध्ये (त्यात पाणी शिरतंच) जे खपून जातं ते तिथे नाही. पाणी 2 ते 4 अंश, आतले कपडे भिजले की ऊब गेलीच. त्यात थंडी आणि पाण्याचा दाब रक्त छातीकडे ढकलतात, म्हणून लघवी जास्तच होते.

भाड्याच्या सूटला पी-व्हॉल्व्ह, म्हणजे लघवी नळीने सूटबाहेर सोडणारी झडप, सहसा नसतो. एकाच डाइव्हसाठी सूट चढवायच्या आधी जाऊन या, भीती वाटत असेल तर मोठ्यांचं डायपर घाला. पाणी पिणं मात्र तोडू नका, शरीर कोरडं पडलं तर बेंड्सचा (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणारा त्रास) धोका वाढू शकतो.

स्वतःच्या सूटला व्हॉल्व्ह असेल तर पुरुषांसाठी कंडोम कॅथेटर, म्हणजे लिंगावर चढवून व्हॉल्व्हच्या नळीला जोडायचं आवरण; बेळगावात सर्जिकल सामानाच्या दुकानात विचारा. 25, 30, 35 मिमी अशी मापं येतात. सैल घेतलं की गळणार, आणि इथेच बहुतेकांचं फसतं. केस कापा, तेल-क्रीम लावू नका, चिकटवून मिनिटभर दाबून धरा. नळी कुठे दुमडली तर कॅथेटर सुटतो आणि सगळं सूटमध्ये. बायकांसाठी चिकटवायचा कप मिळतो. व्हॉल्व्ह बॅलन्स्ड (नळीतला दाब आपोआप सारखा करणारा) नसेल तर खोल जाण्याआधी थोडी लघवी सोडून नळी भरा, नाहीतर नको तिथे जबर आवळतं. वर आल्यावर नळी जंतुनाशकाने धुवा.