मक्याचा मुरघास यंत्राने काढताना: ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

भातानंतर पाण्याच्या सोयीवर घेतलेला रब्बी मका फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये मुरघासासाठी, म्हणजे हिरवा चारा कापून, खड्ड्यात दाबून, हवाबंद आंबवण्यासाठी तयार होतो. मुरबाड, शहापूर, भिवंडी आणि कल्याण भागातून आलेले बहुतेक प्रश्न यंत्राचेच आहेत: कोणते बोलवावे, किती वेगाने चालवावे, कुट्टी (चाऱ्याचे बारीक तुकडे) केवढी ठेवावी. खरे तर मुरघास शेतात कमी आणि खड्ड्यात जास्त बिघडतो. म्हणून यंत्राची निवड खड्ड्यापासून मागे मोजत करावी.

प्रश्न (मुरबाड): घाटावरून मोठे स्वयंचलित हार्वेस्टर येते. माझा 4 एकर मका आणि 12 म्हशी आहेत. ते बोलवावे, की ट्रॅक्टरला जोडायचे एक ओळीचे यंत्र घ्यावे?

तुमच्यासाठी एक ओळीचेच बरे. एकरी 18 टन हिरवा चारा धरला तर तुमचे 72 टन होतात. मोठे हार्वेस्टर तासाला 40 टन कुट्टी सहज काढते, म्हणजे दोन तासांत शेत मोकळे. पण तेवढी कुट्टी दाबणार कशाने? ठोकताळा असा: तासाला जितके टन माल खड्ड्यावर येतो, त्याच्या 0.4 पट टन वजन सतत दाबत राहिले पाहिजे. 40 टनांना 16 टन वजन लागते. आपल्याकडचा 50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा, म्हणजे एका खड्ड्यावर सात ट्रॅक्टर. तेवढे तर तिथे वळणारही नाहीत. मग होते काय, तर ढिगावर ढीग पडतो, वरवर एक-दोन फेऱ्या मारल्या जातात आणि आत हवा राहते. ती हवा संपेपर्यंत कुट्टी तापते, साखर जळून जाते आणि महिन्याभराने उघडल्यावर तंबाखूसारखा वास येणारा तपकिरी माल हाती लागतो.

एक ओळीचे यंत्र 60 सेंटिमीटरच्या ओळीत ताशी 3 किलोमीटरने चालले तर हिशेबाने तासाला 18 गुंठे होतात. वळणे, ट्रॉली बदलणे, अडकलेले काढणे धरून प्रत्यक्षात 12 गुंठे, म्हणजे साडेपाच टनांच्या आसपास. त्याला 0.4 ने गुणले की 2.2 टन येतात, म्हणजे तुमचा एकच ट्रॅक्टर पुरतो, मात्र तो दिवसभर खड्ड्यावरून उतरता कामा नये. वाहतुकीला जाळीच्या उंच फळ्या लावलेल्या दोन ट्रॉल्या लागतील. 4 एकराला दोन दिवस लागतात. पहिल्या रात्री वर प्लास्टिक टाकून कडा दाबून ठेवा.

आता दुसरी बाजू. 12 म्हशींना प्रत्येकी 20 किलो धरले तर रोज 240 किलो माल निघतो. ट्रॅक्टर फिरेल असा लहानात लहान खड्डा 3 मीटर रुंद, दीड मीटर उंच. घनमीटरला 600 किलो धरले तर त्याच्या एक मीटर लांबीत 2.7 टन बसतात. 240 किलो काढल्यावर तुम्ही रोज जेमतेम 9 सेंटिमीटर आत सरकता. आपल्या उकाड्यात आणि दमट हवेत उघडे तोंड रोज किमान 15 सेंटिमीटर मागे गेले पाहिजे, नाहीतर हवा आत शिरून यीस्ट आणि बुरशी तुमच्यापेक्षा पुढे पळतात. त्या मापाच्या खड्ड्याला निदान 20 जनावरे हवीत. 12 म्हशींच्या धन्याने एक टनाच्या बॅगा भरणे शहाणपणाचे. एक बॅग चार दिवसांत संपते आणि बाकीच्या बंद राहतात.

मोठे यंत्र बोलवायचेच असेल तर आसपासच्या चार-पाच जणांनी मिळून 15 ते 20 एकर एका वेळी तयार होईल अशी पेरणी साधावी, 5 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच बंकर (भिंती बांधलेला मोठा खड्डा) बांधावा, तीन-चार ट्रॅक्टर दाबायला ठेवावेत आणि चालकाला ते झेपतील इतक्याच वेगाने यंत्र चालवायला सांगावे. अशा बंकरवर 45 ते 50 जनावरे असली तरच तोंड वेळेत सरकते.

प्रश्न (शहापूर): मका नेमका कधी कापायचा? कोणी 80 दिवस सांगतात, कोणी 100.

दिवस मोजू नका, कणीस मोडून बघा. शेताच्या मधल्या भागातली पाच-सहा कणसे घ्या, मधोमध मोडा आणि शेंड्याकडच्या तुकड्यावर मोडलेल्या बाजूने दिसणारे दाणे तपासा. दाण्याच्या टोकाकडून कडक पिवळा भाग खाली उतरत असतो आणि बुडाशी अजून पांढरा चीक असतो. मधली रेघ अर्ध्यावर आली की काढणीची तयारी, दोन-तृतीयांश उतरेपर्यंत संपवायचे. त्या वेळी पूर्ण ताटातला कोरडा अंश (पाणी वगळून उरणारा भाग) साधारण 30 ते 35 टक्के असतो. मार्चच्या उन्हात तो दिवसाला अर्धा ते एक टक्का चढतो, म्हणजे यंत्राची तारीख आठवडाभर पुढे गेली की हिशेब बिघडला. यंत्रवाल्याला तारीख देताना हे लक्षात ठेवा.

खात्री करायची असेल तर मायक्रोवेव्ह वापरा. काट्यावर नेमकी 100 ग्रॅम कुट्टी घ्या, शेजारी अर्धा ग्लास पाणी ठेवा, म्हणजे कुट्टी पेटत नाही. आधी तीन-चार मिनिटे, मग एकेक मिनिट तापवत वजन करा. लागोपाठ दोनदा वजन तेच आले की थांबा. 32 ग्रॅम उरले तर कोरडा अंश 32 टक्के. हे साधन नसेल तर मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहून बोटांतून रस निघाला तर मका ओला आहे, थांबा. गोळा हळूहळू उलगडला आणि तळहात नुसता ओलसर झाला तर कापा. सोडल्याबरोबर विस्कटला तर उशीर झालाय. मग कुट्टी बारीक करा आणि दाबण्याच्या फेऱ्या वाढवा.

प्रश्न (भिवंडी): भाड्याच्या यंत्राने काढलेल्या मुरघासातले दाणे शेणात अख्खे दिसतात. दोष कुणाचा?

यंत्राच्या सेटिंगचा. मोठ्या हार्वेस्टरमध्ये पात्यांच्या ड्रमनंतर दाणे भरडणारे दोन खाचांचे रोलर असतात. त्यांच्यातले अंतर 1 ते 3 मिलिमीटर असावे. डिझेल वाचवायला आणि वेग वाढवायला ते अंतर मोकळे सोडले जाते. भाडे एकरावर ठरले असेल तर हे हमखास घडते, कारण लांब कुट्टी आणि मोकळे रोलर म्हणजे चालकाचा वेळ वाचतो. म्हणून पहिली ट्रॉली भरताच यंत्र थांबवायला लावा. एक लिटरच्या मापाने कुट्टी घ्या, बादलीभर पाण्यात सोडून ढवळा. पाने-ताटे तरंगतात, दाणे तळाला जातात. वरचे काढून टाका आणि तळातले मोजा. अख्खे किंवा नुसते अर्धे झालेले दाणे दोनापेक्षा जास्त असतील तर रोलर जवळ घ्यायला सांगा. ही चाचणी 10 मिनिटांची आहे आणि सौदा करतानाच तिची अट घालून ठेवावी.

रोलर असतील तर कुट्टी 15 ते 19 मिलिमीटर चालते. एक ओळीच्या यंत्रांना बहुधा रोलर नसतात. तिथे 8 ते 10 मिलिमीटर ठेवा आणि दाण्याची रेघ अर्ध्यावर असतानाच काढणी उरका. कडक झालेला दाणा नुसत्या पात्याने फुटत नाही.

कुट्टीची टोके दोरे सुटल्यासारखी फाटलेली दिसली तर पाती बोथट आहेत. पाती रोज पाजळावीत. पण पाजळल्यावर पाते झिजते आणि समोरच्या स्थिर पात्याशी त्याचे अंतर वाढते, हे विसरले जाते. मग धारदार पातीही चिरण्याऐवजी चुरगाळतात, पीटीओवर (ट्रॅक्टरकडून यंत्राला शक्ती देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर) ताण येतो आणि कुट्टी बाहेर फेकणारी नळी चोंदते. पाजळले की अंतर पुन्हा बसवायचे, यंत्राच्या पुस्तिकेत दिले असेल तेवढे. बहुतेक यंत्रांत ते अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते.

प्रश्न (मुरबाड): आमची खाचरे लहान, बांध दगडी. यंत्र फिरेल का?

एक ओळीचे फिरेल, पण शेत आधी तयार करावे लागते. यंत्र ट्रॅक्टरच्या बाजूला असते, त्यामुळे पहिल्या फेरीला चाकाखाली उभा मका जातो. कडेची 3 मीटरची पट्टी आणि दोन्ही टोकांना 6 ते 7 मीटर वळणाची जागा कोयत्याने कापून घ्या; तो मका कडबा कुट्टी यंत्रावर काढून त्याच खड्ड्यात टाका. काढणीआधी 8 ते 10 दिवस पाणी तोडा. वाफसा नसेल तर भाताच्या चिखलणीने घट्ट झालेल्या थरावर चाक रुतते आणि माती कुट्टीत येते.

ताट जमिनीपासून 15 ते 20 सेंटिमीटरवर कापा. खाली गेलात तर एकरी थोडे वजन वाढेल, पण मातीबरोबर नको ते जिवाणू येतात आणि मुरघास लोण्याच्या खवट वासाचा, चिकट होतो. बांधावरून घरंगळलेले दगड, तारेचे तुकडे, विसरलेला विळा आदल्या दिवशी शेत फिरून वेचा. मोठ्या यंत्रातला धातूशोधक दगड ओळखत नाही. शिअर बोल्ट (जादा ताण आला की यंत्र वाचवायला स्वतः तुटणारा बोल्ट) तुटला तर त्याच मापाचा, त्याच प्रतीचा घाला. कडक बोल्ट घातला की तो तुटत नाही, त्याच्याऐवजी गिअरबॉक्स तुटतो.

नळी चोंदली तर ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, आणि ड्रम पूर्ण थांबेपर्यंत हात लांब. पीटीओ काढला तरी जड ड्रम बराच वेळ फिरत राहतो. पीटीओच्या शाफ्टवरचे आवरण काढलेले यंत्र शेतात घेऊच नका. खाचरांवरून विजेच्या तारा लोंबत असतील तर नळी खाली करूनच पुढे जायचे.

प्रश्न (कल्याण, तबेला): संकरित नेपियर गवत त्याच यंत्राने थेट काढून मुरवता येईल का?

थेट नको. 45-50 दिवसांच्या नेपियरमध्ये 80 टक्क्यांच्या वर पाणी असते आणि साखर कमी. उभे कापून लगेच खड्ड्यात टाकले की तळाशी रस साचतो आणि माल सडतो. कापून उन्हात चार-सहा तास सुकवा, मग कुट्टी करा. घाई असेल तर कोरडा पेंढा कुट्टी करून मिसळता येतो: 18 टक्के कोरड्या अंशाच्या एक टन गवताला 30 टक्क्यांवर आणायला साधारण 200 किलो पेंढा लागतो. प्रथिने घटतात आणि पेंढा दाबायलाही त्रास देतो, म्हणून हा दुसऱ्या पसंतीचा मार्ग.

टनाला 2 किलो गुळाचा जो नुस्खा सगळीकडे फिरतो तो 0.2 टक्के होतो. दाणा भरलेल्या मक्याला त्याची गरज नाही आणि नेपियरला तो पुरत नाही. नेपियरला टनाला 20 किलो मळी (मोलॅसिस) किंवा गूळ, पाण्यात पातळ करून, प्रत्येक थरावर शिंपडावा. ओल्या मालात युरिया टाळा, तो आंबटपणा चढू देत नाही.

प्रश्न (भिवंडी): परतीच्या पावसात आडवे झालेले भात कापून मुरवावे का?

चिखलात लोळलेले भात नाही. उभे पीक, ओंबी निघाल्यावर महिनाभराने दाणा पिवळा पडताना कापून, गठ्ठे बांधून आणि प्लास्टिकने लपेटून मुरवण्याची पद्धत जपानमध्ये रुळलेली आहे. पण भाताचे ताट पोकळ असते, त्यात हवा अडकते आणि साखरही कमी असते, त्यामुळे जिवाणू संवर्धक (आंबवणारे जिवाणू) आणि घट्ट गठ्ठा दोन्ही लागतात. आपल्याकडे पेंढा वाळवणेच स्वस्त पडते.

प्रश्न (शहापूर): भरताना आणि उघडताना काय सांभाळायचे?

थर 15 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. ट्रॅक्टर सावकाश, भिंतीला चिकटून जास्त फेऱ्या. बिघाड नेहमी कडांना सुरू होतो. वर काळे-पांढरे प्लास्टिक, पांढरी बाजू बाहेर, त्यावर जुने टायर एकमेकांना भिडवून. पावसाळा त्यावरूनच जाणार असल्याने माथा मध्ये उंच ठेवा आणि भोवती चर खणा. बॅग असेल तर कोपरे पायाने तुडवा, आतला लायनर (प्लास्टिकचे अस्तर) पिळून बांधा आणि उंदराने पाडलेले भोक त्याच दिवशी मुरघासाच्या चिकटपट्टीने बुजवा.

भरल्यानंतरचे तीन आठवडे खोल खड्ड्यात वाकू किंवा उतरू नये. पिवळट-तपकिरी, ब्लीचसारख्या वासाचा वायू तळाशी साचतो आणि तो फुप्फुसे जाळतो. बिनवासाचा कार्बन डायऑक्साइडही तिथेच असतो. कोणी आत पडला तर मागोमाग उडी मारू नका, दोराने काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

45 दिवसांनी उघडा. चांगल्या मालाचा रंग पिवळसर हिरवा आणि वास हलका आंबट असतो, सामू 3.8 ते 4.2 येतो. सुरुवात जनावरामागे 5 किलोने करून आठवडाभरात 15 ते 20 किलोवर न्या. बुरशीचा भाग वेगळा करून फेकून द्या. गाभण म्हशीला तर तो मिसळूनही घालू नका. सकाळी काढलेला माल संध्याकाळच्या दावणीसाठी ढिगाने ठेवू नका, उन्हाळ्यात तो काही तासांतच गरम होतो. दोन्ही वेळेला ताजा काढा आणि तोंड सरळ भिंतीसारखे कापत या.