अंगावरचे केस कशासाठी असतात? : एका मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

वयात येणाऱ्या मुलामुलींशी बोलताना अंगावरच्या केसांचा विषय पहिल्या भेटीत क्वचितच निघतो. अभ्यासात लक्ष नाही, चिडचिड वाढली आहे, कुणात मिसळत नाही अशा तक्रारी घेऊन पालक येतात, आणि ओळख जरा मुरल्यावर केव्हातरी मूल खाली मान घालून खरी गोष्ट सांगते. मी ज्या मुलीविषयी लिहीत आहे ती १६ वर्षांची होती. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. भर उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचे कपडे घालते आणि कुणी हात धरला तर झटकन मागे घेते, एवढेच तिच्या आईच्या लक्षात आले होते. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीने "तुझा हात मुलांसारखा आहे" असे म्हटल्यापासून ती रोज रात्री दार लावून हातावर रेझर फिरवत होती, आणि मनगटाजवळ लाल पुरळ उठले तरी थांबत नव्हती. "मॅडम, थंडी वाजली तर आपण स्वेटर घालतो ना? मग हे केस हवेतच कशाला?" असे तिने विचारले, तेव्हा तिच्या आवाजात दुःखापेक्षा राग अधिक होता.

"तू आहेस तशीच छान आहेस" एवढ्यावर अशा मुलीची बोळवण करणे मला पटत नाही. तिने प्रश्न विचारला होता, आणि त्या प्रश्नाला शरीरशास्त्रात चांगले उत्तर आहे.

मी तिला डोळे मिटायला सांगितले आणि दंडावर, जिथे रेझर लागलेला नव्हता तिथे, कातडीला न शिवता एकच केस कागदाच्या कोपऱ्याने वाकवायला लावला. "कळलं," ती लगेच म्हणाली. केस स्वतः निर्जीव असतो, परंतु त्याच्या मुळाभोवती मज्जातंतूंच्या टोकांचे जाळे असते, त्यामुळे केस किंचित हलला तरी त्याची खबर मेंदूपर्यंत जाते. ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या एका हातावरचे केस काढले, दुसऱ्यावरचे तसेच ठेवले आणि दोन्हींवर ढेकूण सोडले. केस असलेल्या हातावर ढेकूण लवकर जाणवला आणि त्याला चावण्याजोगी जागा शोधायलाही अधिक वेळ लागला. हे ऐकून तिने स्वतःच्या दंडाकडे जरा निरखून पाहिले.

तिच्या मनगटावरच्या पुरळाचाही या विषयाशी संबंध होता. केसाचे मूळ ज्या केशकूपात असते तिथे मूळपेशींचा, म्हणजे गरजेप्रमाणे नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या पेशींचा, साठा असतो, आणि त्वचा खरचटली की त्यांतल्या काही पेशी वर सरकून नवी त्वचा तयार करण्यास हातभार लावतात. ज्या त्वचेचे ती रोज नुकसान करत होती, तिची डागडुजी तेच केशकूप करत होते, हे मी तिला मुद्दाम सांगितले.

थंडीबद्दलचे तिचे म्हणणे मात्र बरोबर होते. आपल्या अंगावर सुमारे ५० लाख केशकूप असतात आणि चिंपांझीच्या तुलनेत ती संख्या फारशी कमी नाही. माणसाचे केस बारीक आणि आखूड झाले, त्याच्या घर्मग्रंथी वाढल्या, आणि घाम सुकून अंग थंड ठेवण्याची सोय झाली. उन्हात लांबवर चालणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही सोय फार उपयोगाची ठरली, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. डोक्यावरच्या केसांनी उन्हापासून बचाव होतो, भुवया घाम डोळ्यांत उतरू देत नाहीत, पापण्यांचे केस धूळ अडवतात. काखेतल्या केसांविषयी घर्षण कमी करणे, गंध पसरवणे अशी मते मांडली जातात. त्यांवर अजून एकमत नाही.

"पण मुलांसारखे का?" हा तिचा खरा सल होता. मुलगा असो वा मुलगी, केशकूपांच्या संख्येत फारसा फरक नसतो. अँड्रोजेन नावाची संप्रेरके दोघांच्याही शरीरात असतात, वयात येताना ती वाढतात, आणि कुणाची लव त्यांना किती प्रतिसाद देईल हे बऱ्याच अंशी आनुवंशिकतेवर ठरते. तिच्या आईच्या आणि मावशीच्या हातांवरही तसेच केस होते. तिने आजवर ते पाहिलेच नव्हते, कारण त्या दोघी नियमितपणे वॅक्सिंग करत आणि त्याविषयी घरात कधी बोलणे होत नसे. मला वाटते, त्या न बोलण्याचा त्रास तिला वर्गातल्या मुलीच्या शेऱ्याइतकाच झाला असावा.

रेझरमुळे केस जाड होतात ही तिची भीतीही दूर करावी लागली. केसाचे निमुळते टोक कापले गेल्याने वाढणारा केस बोथट आणि म्हणून राठ लागतो, इतकेच. मुळात काही बदल होत नाही.

केस काढायचे की ठेवायचे हे मी ठरवले नाही, आणि आईनेही ठरवू नये असे त्यांना सांगितले. पुरळ बरे होईपर्यंत थांबायचे, पुढे काढावेसे वाटले तर चोरून न काढता आईला सांगून काढायचे, एवढे त्या मुलीने स्वतः कबूल केले.

तिची पाळी नियमित होती आणि चेहऱ्यावर राठ केस नव्हते, म्हणून पुरळासाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवण्यापलीकडे तपासण्यांची गरज मला वाटली नाही. परंतु मुलीच्या हनुवटीवर, छातीवर किंवा बेंबीखाली जाड, काळे केस येऊ लागले असतील, पाळी अनियमित झाली असेल किंवा मुरुमे फार वाढली असतील, तर पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकार) यासारख्या कारणांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा होऊ लागला, तर मुळीच वाट पाहू नये. आणि तपासण्यांत काहीही दोष निघाला नाही, तरी मुलगी तासन्‌तास आरशासमोर केस न्याहाळत असेल, त्यापायी शाळा चुकवत असेल, तर तिला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जरूर न्यावे.