आरव्हीत कायमचं राहायला जाण्याआधी

भाड्याचं घर सोडून आम्ही दोघं कायमचं आरव्हीतच, म्हणजे राहायची सगळी सोय असलेल्या मोठ्या गाडीतच, राहायचं म्हणतोय, दोघांचंही काम लॅपटॉपवर चालतं, तर प्रत्यक्षात काय काय अडतं, असं तुम्ही विचारलंय. मी आणि माझा नवरा असेच राहतो. हे राहणं मला मनापासून आवडतं, म्हणूनच सविस्तर लिहिते.

नुसती प्रवासाची आवड यासाठी पुरत नाही. घरात नळ सोडला की पाणी येतं, मोरीतून निघून जातं, बटण दाबलं की दिवा लागतो, आणि मधलं सगळं दुसरं कुणीतरी सांभाळत असतं. गाडीत ते सगळं तुमच्याकडे येतं. पाणी किती उरलं, सांडपाण्याची टाकी किती भरली, बॅटरी किती उतरली, गॅस किती दिवस पुरेल, हे सतत डोक्यात ठेवावं लागतं. ज्यांना ही रोजची देखभाल करायला आवडते ते टिकतात. बाकीचे पहिल्या हिवाळ्यानंतर गाडी विकायला काढतात, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

पाण्यापासून सुरुवात करू. बहुतेक गाड्यांत तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, भांडी आणि अंघोळीच्या सांडपाण्याची आणि मैल्याची. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे १५० लिटरची टाकी भरली की गाडीवर १५० किलोचा बोजा चढला. प्रत्येक गाडीची वजन पेलायची मर्यादा ठरलेली असते. माणसं, कपडे, पुस्तकं, जादा बॅटऱ्या, छतावरची सौर पॅनल्स असं धरत गेलं की ती आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी आधी संपते. सामान भरून झालं की गाडी एकदा वजनकाट्यावर न्याच. जास्त वजनाने टायर फुटतात आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. अंघोळ अंग ओलं करणं, पाणी बंद करून साबण लावणं आणि मग धुणं अशी केली तर पाच-सहा लिटरांत व्यवस्थित होते. सवय लागायला फार दिवस लागत नाहीत.

मैल्याच्या टाकीबद्दल लोक बोलायला कचरतात, पण इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. मुक्कामी पाइप जोडलेला असला तरी त्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पातळ ते वाहून जातं आणि घट्ट ते आत साठून दगडासारखं होतं. प्रत्येक वेळी भरपूर पाणी सोडायचं, टाकी निम्म्याहून जास्त भरली की एकदम रिकामी करायची. आधी मैला, मग सांडपाणी, म्हणजे सांडपाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे आतल्या लेपामुळे लवकरच खोटं सांगायला लागतात, तेव्हा दिवसांचा अंदाज स्वतः बांधायला शिका. हातमोजे वेगळे ठेवा, आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप त्या पाइपच्या कप्प्यात कधीही ठेवू नका.

तुमचं पोट लॅपटॉपवर आहे, म्हणून विजेचं गणित नीट मांडते. दोन लॅपटॉप आठ तास, प्रत्येकी साधारण ५० वॉट धरले तर ०.८ युनिट. १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट. राउटर, दिवे, पंखा, पाण्याचा पंप मिळून आणखी थोडं. एकूण पावणेदोन युनिटच्या आसपास. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी बेताने वापरली तर दोन युनिट देते, म्हणजे एक दिवस आणि वर थोडंसं. तेवढ्याच क्षमतेची जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर खराब होते, त्यामुळे तिच्यातून जेमतेम सव्वा युनिट हाती लागतं. छतावर सपाट बसवलेली ४०० वॉटची पॅनल्स चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देतात. ढगाळ हिवाळ्यात तोच आकडा चौथाईवर किंवा त्याहूनही खाली येतो, आणि झाडाखाली गाडी लावली तर उन्हाळ्यातही.

एसीचा विचार बॅटरीवर करूच नका. तो हजार-बाराशे वॉट ओढतो आणि वर सांगितलेली बॅटरी दोन तासांच्या आत रिकामी करतो. एसी हवा असेल तर वीजजोडणी असलेला मुक्काम किंवा जनरेटर हवा. आणखी एक: साध्या लिथियम बॅटऱ्या शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाहीत, म्हणून थंडीत त्या राहत्या भागाच्या आत असलेल्या बऱ्या.

आता ओल. याबद्दल जितकं सांगावं तितकं थोडं. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटरच्या पुढे पाणी हवेत जातं. त्यात स्वयंपाक, ओले कपडे. गॅसच्या उघड्या ज्योतीवर खोली गरम करायला गेलात तर एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, शिवाय कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका वेगळाच. हे सगळं पाणी थंड काचेवर, कपाटाच्या मागच्या बाजूला आणि गादीखाली जमतं. गादीखाली बुरशी धरलेली कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. गादीखाली हवा खेळेल अशा पट्ट्या घाला, बाहेर धूर सोडणाराच हीटर वापरा, आणि कितीही थंडी असली तरी छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा. उष्णता वाया जाते असं वाटतं, पण दमट हवा बाहेर गेल्याशिवाय गाडी सुकत नाही.

बाहेरचं पाणी त्याहून वाईट. छतावरच्या प्रत्येक जोडाला फटी बुजवायला लावलेलं सीलंट रस्त्याच्या हादऱ्यांनी आणि उन्हाने तडकतं. दर दोन-तीन महिन्यांनी वर चढून ते पाहायचंच. जुनी गाडी घेत असाल तर कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि कपाटांचे आतले भाग दाबून पाहा. मऊ लागलं तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका, कारण आतली लाकडी चौकट कुजलेली असते.

गॅसगळतीची सूचक घंटा जमिनीलगत असावी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. कार्बन मोनॉक्साइडची झोपायच्या उंचीजवळ. दोन्ही चालू आहेत का ते दर महिन्याला तपासा. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने मरतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सहा-सात वर्षं झाली की बदला.

कागदपत्रांचं थोडक्यात: बँक, परवाना, विमा, सगळ्यांना कायमचा पत्ता लागतो. तो कुणाचा देणार हे घर सोडायच्या आधी ठरवा. सुट्टीपुरता वापर धरून दिलेल्या विम्यात कायमचं राहणं बहुधा बसत नाही, तेव्हा कंपनीला स्पष्ट सांगून लेखी घ्या. गाडी कुठे आणि किती दिवस लावता येते याचे नियम जागोजागी वेगळे असतात. रोज नवी जागा शोधण्याने माणूस दमतो, म्हणून एका ठिकाणी दोन-दोन आठवडे राहा. इंटरनेटसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. पत्र्याच्या अंगामुळे सिग्नल आत कमी येतो, छतावर अँटेना लावली की फरक पडतो.

गाडी गॅरेजात गेली की घरही तिच्याबरोबर जातं, आणि सुटा भाग यायला आठवडे लागू शकतात. तेवढ्या मुक्कामाचे पैसे बाजूला काढल्याशिवाय निघू नका.

आणि तुम्ही दोघं. एकाच वेळी दोघांचे कॉल असतील तर कोण कुठे बसणार हे गाडी निवडतानाच ठरवा. मध्ये बंद होणारं एक दार असलेली गाडी थोडी लांब असली तरी घ्या. आमच्याकडे हेडफोन लावलेला असला म्हणजे बोलायचं नाही, हा नियम अगदी काटेकोर पाळला जातो. भांडण झालं तर बाहेर फिरून यायची मोकळीक दोघांनाही हवी.

घर सोडण्याआधी अशीच एक गाडी भाड्याने घेऊन तीन आठवडे राहा, तेही पावसाच्या किंवा थंडीच्या दिवसांत, कामाचे दिवस धरून. आणि रोज किती तास व्हिडिओ कॉल असतात, मोठा मॉनिटर लागतो का, स्वयंपाक गॅसवर करणार की इंडक्शनवर, एवढं खाली लिहा. तुमच्यासाठी बॅटरी आणि पॅनल्सचं गणित मी मांडून देते.